उजवीकडचा ड्रॅगन

विमलताई फोडणीला घाबरत असत. वासाला नाही, वाफेला. टेबलावर कागद उघडा असेल तर त्यांच्या घरात तेल तापवायचं नाही, असा नियम होता. तेलाची वाफ कागदावर बसते आणि मग त्यावर शाई धरत नाही, असं त्या सांगत. म्हणून मी सकाळी जाऊन आधी कणीक भिजवायची, पोळ्या लाटायच्या, भाजी चिरून ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहायचं. ताई मान वर न करता म्हणत, "थांब. एवढं वेटोळं संपू दे." वेटोळं संपलं की पेन पुसायच्या, कागद मोठ्या सपाट खणात सरकवायच्या, खण नीट लागलाय ना ते हाताने चाचपायच्या आणि मग म्हणायच्या, "हं. कर आता तुझी मोहरी."

मी शिकागोला येऊन तेव्हा दोन-अडीच वर्षं झाली होती. माझा भाचा रमेश आणि त्याची बायको नंदिनी दोघंही नोकरी करत. त्यांची लहान मुलगी सांभाळायला मला बोलावून घेतलं होतं. ती शाळेत जायला लागली आणि माझ्या सकाळी रिकाम्या झाल्या. नंदिनी एकदा म्हणाली, "आत्या, डेव्हन रस्त्याच्या पलीकडे विमलताई करंदीकर राहतात. एकट्याच असतात. पोळी-भाजीला त्यांना कुणीतरी हवंय. तू जाशील का? तुझंही बाहेर पडणं होईल."

मी म्हटलं, "त्यांच्याशी बोलायचं काय?"

"त्या बोलतच नाहीत. तुला बरंच आहे."

चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला शिकलेल्यांच्या घरात काय बोलावं ते सुचत नाही. ते माझं अजून तसंच आहे. हे लिहितेय तेही वहीत, माझ्यापुरतं.

पहिल्या दिवशी त्यांनीच दार उघडलं. ठेंगण्या, केस मानेपर्यंत कापलेले, सुती साडीवर पुरुषी राखाडी स्वेटर. तो त्यांच्या यजमानांचा होता हे नंतर कळलं. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता, तो कधीच निघाला नाही. "चप्पल तिकडे. तेल नंतर." एवढंच त्या बोलल्या आणि टेबलाकडे परत गेल्या.

ते टेबल खिडकीला लावलेलं होतं. वरची फळी काचेची, खाली दिवा. भिंतीवर फोटोच फोटो टाचलेले. सगळे भांड्यांचे. तीन पायांची, चार पायांची, कानवाली, झाकणवाली, हिरवट काळी भांडी. चीनमधली, तीन हजार वर्षांपूर्वीची, काशाची. मला काशाची वाटी माहीत होती, तळपायाला तूप लावून घासायची. काशाची एवढाली भांडी कुणी केली असतील असं वाटलं नव्हतं. ती शिकागोच्या म्युझियममध्ये होती आणि त्यांच्यावरची नक्षी शाईने कागदावर उतरवायची, हे ताईंचं काम.

पंधरा दिवस मी काही विचारलं नाही. मग एक दिवस राहवलं नाही. एका फोटोतल्या भांड्यावर एक चेहरा होता. मोठाले डोळे, शिंगं, खालचा जबडा नाहीच. मी म्हटलं, "ताई, हे कीर्तिमुख का हो?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तू कुठे पाहिलंस?"

"आमच्या गावच्या महादेवाच्या उंबऱ्यावर आहे. त्याच्यावर पाय न देता आत जायचं."

"दिसायला असेल सारखं. पण सारखं दिसतं म्हणून तेच असतं असं नाही. इकडे ये." त्यांनी एक पोस्टकार्ड घेतलं आणि फोटोतल्या चेहऱ्याचा उजवा अर्धा भाग झाकला. "आता सांग."

चेहरा गेला होता. त्याच्या जागी एक जनावर बाजूने उभं होतं. तोंड उघडं, एक डोळा, डोक्यावर वळलेलं शिंग, पाठीमागे वर गेलेली शेपटी, खाली एक पाय. त्यांनी कार्ड डावीकडे सरकवलं. दुसरं जनावर, पहिल्याकडे तोंड करून. मग कार्ड उचललं आणि तो चेहरा पुन्हा माझ्याकडे बघायला लागला.

"दोन ड्रॅगन," ताई म्हणाल्या. "दोघं समोरासमोर उभे राहिले की तिसराच कुणी आपल्याकडे बघायला लागतो. मधे नाकाच्या जागी ही उभी धार आहे ना, तिथे ते दोघं भेटतात."

"आणि पाय एकच?"

"मोठमोठे लोक लिहितात, एकपायी ड्रॅगन. मला विचारशील तर दुसरा पाय मागे असेल. बाजूने बघतोय ना आपण. पण दिसत नाही म्हणून मी काढत नाही. दिसतं तेवढंच."

"दिसतं तेवढंच" हे त्यांच्या तोंडी सारखं असे. कुणी फोनवर सांगितलं, अमक्यांच्या सुनेचं काही खरं नाही, तर ताई म्हणत, "तू पाहिलंस? मग दिसतं तेवढंच बोल." भाजीत मीठ कमी पडलं तरी त्या मला मीठ विसरलीस असं म्हणत नसत, मीठ कमी लागतंय म्हणत. घाई केलेली त्यांना खपत नसे. म्युझियममधून वॉल्टरचा फोन येई. तो तिथला चिनी वस्तूंचा मुख्य माणूस, उंच आणि वाकलेला. पान कधी होणार विचारी. ताई त्याला इंग्रजीत काहीतरी सांगून फोन ठेवत आणि मला मराठीत म्हणत, "तीन हजार वर्षं थांबलाय तो ड्रॅगन, मंगळवारपर्यंत थांबेल."

त्यांची काम करायची रीत मी रोज बघत होते. म्युझियममध्ये जाऊन त्या मापं घेत, डावीकडचा ड्रॅगन पेन्सिलीने उतरवत, घरी येऊन फोटो समोर ठेवून शाई चढवत. ड्रॅगनच्या मागे सगळीकडे बारीक चौकोनी वेटोळी असत, शेकड्याने. ती त्या मोजून काढत, अंदाजाने एकही नाही. डावा अर्धा भाग वाळला की पातळ कागदावर त्याची नक्कल घ्यायची, ती उलटी करून मूळ कागदाच्या कोऱ्या अर्ध्याखाली काचेवर ठेवायची, खालचा दिवा लावायचा आणि त्याच रेघांवरून उजवा अर्धा भाग छापल्यासारखा उतरवून घ्यायचा. चेहरा पुरा. असंच करतात, असं त्या सांगत. ज्या अमेरिकन बाईकडे त्या हे शिकल्या तीही असंच करायची. नक्षी दोन्हीकडे सारखीच, मग दुप्पट कष्ट कशाला?

ताई लोकांत फारशा जात नसत, पण गणपतीला जात. दर वर्षी एका डॉक्टरांच्या तळघरात गणपती बसायचा. तिथे सगळे जमत, पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे. डॉक्टरांची बायको शैलाकाकू बोलायला फटकळ. ताईंच्या हातात प्रसादाची कागदी ताटली देत एकदा म्हणाली, "काय विमलताई, अजून चिन्यांची भांडीच चाललीत? आमच्या पोरांना जरा आपले देव काढून दाखवा की! त्या ड्रॅगनशी तुमचं काय एवढं?"

ताई शिरा खात होत्या. त्या म्हणाल्या, "शैला, तुझे यजमान तीस वर्षं दुसऱ्यांची आतडी बघतायत. त्यांना कुणी विचारलं का, आपल्यांचीच का बघत नाही म्हणून?"

सगळे हसले, डॉक्टर सगळ्यांत जास्त. शैलाकाकूंची सहा-सात वर्षांची नात तिथेच होती. तिने ताईंच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "डझ इट ब्रीद फायर?"

ताईंनी शिरा संपवला, ताटली पुसली, स्वेटरच्या खिशातून पेन काढून ताटलीच्या मागे एक ड्रॅगन काढला. एका दमात, डोळ्यापासून शेपटीपर्यंत. "माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आय डोन्ट नो. नोबडी नोज."

"देन व्हाय डू यू ड्रॉ इट?"

"म्हणूनच," ताई म्हणाल्या. त्या मुलीला मराठी येत नव्हतं, पण तिने मान हलवली आणि ताटली घेऊन गेली.

त्या थंडीत ताईंचा हात थरथरायला लागला. आधी मला चहाच्या कपावरून कळलं. बशीत कप वाजायचा. मग कप त्या दोन्ही हातांनी धरू लागल्या आणि बशी घेईनाशा झाल्या. एक दिवस त्यांनीच सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते की हा जाणारा आजार नाही, वाढत जाईल. शाईचं काम फार तर आणखी काही महिने.

तेवढे पुरेत असं त्यांना वाटत होतं. वॉल्टर म्युझियममधल्या सगळ्या काशाच्या भांड्यांचं मोठं पुस्तक करत होता. त्यात ताईंची एकोणपन्नास पानं जायची होती. नऊ वर्षांचं काम. पाच-सहा पानं तेवढी राहिली होती आणि वसंतात सगळं छापखान्यात जाणार होतं. पहिल्या पानावर वॉल्टरच्या नावाखाली त्यांचं नाव येणार होतं. मुंबईला चित्रकलेच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला असताना त्यांचं लग्न झालं आणि शिक्षण सुटलं. इथे आल्यावर म्युझियममध्ये त्या आधी नुसत्या चिठ्ठ्या टाइप करायला जात. त्यांची मुलगी मीरा टेक्ससला प्लेनोला असे. ती दर रविवारी फोनवर म्हणे, "आई, जस्ट मूव्ह इन विथ अस." ताई म्हणत, "पुस्तक होऊ दे." फोन ठेवल्यावर मला सांगत, "तिथे एवढं मोठं घर आहे, की एका खोलीतून हाक मारली तर दुसऱ्या खोलीत कुणी नसतंच."

पुस्तक होईपर्यंत हात टिकला पाहिजे. बास, त्यांचं एवढंच मागणं होतं. रोज सकाळी त्या एका कोऱ्या कागदावर एक सरळ रेघ ओढून बघत आणि मग कामाला बसत.

भांड्यावरची नक्षी नीट दिसायला दिवा अगदी बाजूने, आडवा धरावा लागतो. सावली पडली की रेघ उठते. ताईंना आता एका हाताने दिवा धरून दुसऱ्या हाताने काढणं जमेना. वॉल्टरला विचारून त्या मला म्युझियमच्या आतल्या खोलीत घेऊन गेल्या. दोन बस बदलून आम्ही जायचो. पहिल्या दिवशी त्यांनी भांडं फडक्यातून काढून वाळूच्या पिशवीवर ठेवलं. एवढं जवळून मी पहिल्यांदाच बघत होते. हिरवं कीट चढलेलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, चिंच-मीठ लावून घासलं तर कसलं लखलखेल हो!"

ताई हसल्या. तोंडावर हात ठेवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "यमुना, हे वॉल्टरसमोर बोलू नकोस. त्याला झीट येईल. ते हिरवं आहे ना, त्यावर तो जगतो."

मी दिवा धरून उभी राहिले. त्या डाव्या बाजूचं काढत होत्या. मला दुसरं काही काम नव्हतं, म्हणून मी उजवीकडे बघत होते. तेव्हा मला दिसलं. डावीकडच्या ड्रॅगनचं शिंग आत दोन वेळा वळलं होतं. उजवीकडच्याचं दीडच वेळा वळून थांबलं होतं, कारण पुढे जागाच उरली नव्हती. त्याचा डोळाही किंचित वर होता. आणि मागच्या वेटोळ्यांत एका ठिकाणी कारागिराने वेटोळं सोडून नुसती आडवी रेघ मारली होती.

मला त्यात नवल वाटलं नाही. माझे वडील ओतारी होते. समया, घंटा, देवांचे टाक ओतायचे. शेण आणि भाताचा कोंडा घालून साच्याची माती आम्ही मुलीच मळायचो. साचा हाताने करायचा, धातू ओतायचा, निवला की साचा फोडून टाकायचा. आमच्या घरून दोन घंटा कधी सारख्या गेल्या नाहीत. मातीत हाताने कोरलं की उजवं-डावं थोडं वेगळं होणारच. मला वाटलं, ताईंना हे माहीतच असणार. त्या एवढ्या शिकलेल्या. कागदावर दोन्ही बाजू सारख्या करायच्या, अशी पुस्तकांची रीत असेल.

मी तीन आठवडे गप्प राहिले. त्यानंतर आणखी चार भांडी पाहिली. चारही तशीच होती. मी दिवा धरत राहिले.

मग एक दिवस घरी त्यांनी एक पान पुरं केलं. उजवी बाजू नुकतीच उतरवून झाली होती. शाई वाळेपर्यंत त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या. हात मांडीवर, तळवे वर. रेघ कुठेही हलली नव्हती. त्या खूश होत्या. मला बोलावून म्हणाल्या, "कसं झालंय? खरं सांग हं."

मी म्हटलं, "सुरेख झालंय ताई." आणि खरं सांग म्हणाल्या होत्या म्हणून पुढे म्हटलं, "फक्त उजवीकडच्याचं शिंग असं नाहीये."

"म्हणजे?"

"ते दीडच वेळा वळलंय. आणि डोळा जरासा वर आहे."

ताई खुर्चीत पुढे सरकल्या. मी घाबरून साच्याचं, घंटांचं, वडिलांचं सगळं सांगून टाकलं. एवढं मी त्या घरात कधी बोलले नव्हते. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून घेतला, भिंग लावलं. फोटो समोरून काढलेला, उजवीकडे सावली होती. नीट कळत नव्हतं. त्या उठल्या, स्वेटरवर कोट चढवला.

"चल."

"आता? भाजी..."

"गॅस बंद कर आणि चल."

त्या दिवशी त्यांनी आतल्या खोलीत एकामागून एक सात भांडी काढायला लावली. मी दिवा धरायचा आणि त्या उजवीकडे बघायच्या. पहिल्या तीन भांड्यांना त्या काही तरी पुटपुटत होत्या. एका भांड्यावर तर उजवीकडच्या ड्रॅगनचे दात डावीकडच्यापेक्षा एकाने जास्त होते. तो दात त्यांनी बोट न लावता, हवेतच मोजला. दोनदा मोजला.

मग त्या वॉल्टरच्या खोलीत गेल्या. मी बाहेर बाकावर बसले. काचेतून दिसत होतं. वॉल्टर उभा राहिला, मग बसला, चष्मा काढला. ताई बसल्याच नाहीत. परत येताना बसमध्ये त्यांनी मला सांगितलं.

"वॉल्टर म्हणतो, विमल, हे कुणीही बघणार नाही. मी म्हटलं, यमुनाने बघितलं. तो म्हणाला, यमुना कोण? मी म्हटलं, दिवा धरते ती."

"मग?"

"मग म्हणाला, सगळे असंच काढतात. आणि ते खरं आहे गं. सगळे असंच काढतात."

"मग राहू द्या ना ताई. पुस्तक तर होऊ दे." माझ्याच बोलण्याने हे झालं होतं, मला रडू येत होतं. "मी कुठे बोलून बसले..."

"गप्प बैस." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "माझं नाव वर असणार. खाली चित्र. बघणाऱ्याला वाटणार, या बाईने हे बघितलंय. आणि मी नाही बघितलं. नऊ वर्षं त्याच्या पुढ्यात बसले आणि उजवीकडे बघितलंच नाही. कुणाच्या सुनेबद्दल कुणी बोललं तर मी त्यांना शहाणपण शिकवायचे."

मी त्यांना सांगितलं नाही की मला तीन आठवड्यांपूर्वीच दिसलं होतं. त्यांना नंतरही कधी सांगितलं नाही. इथे पहिल्यांदा लिहितेय. तेव्हाच बोलले असते तर त्यांना आणखी तीन आठवडे मिळाले असते. हात बरा चालत होता तेव्हाचे तीन आठवडे.

छापखान्यात पानं द्यायला दीड महिना उरला होता. आम्ही रोज जायला लागलो. शनिवारी म्युझियमची ती खोली बंद असायची, म्हणून शनिवार तेवढा घरी. ताई डाव्या हाताने उजवं मनगट धरून काढत. जुना उजवा भाग खरवडायचा आणि भांड्यावर आहे तसा नवा काढायचा. पूर्वी जे एका दिवसात होई त्याला तीन-तीन दिवस लागू लागले. श्वास बाहेर सोडला की तेवढा वेळ हात थांबतो, हे त्यांनी शोधून काढलं होतं. एका श्वासाला एक रेघ. माझेही श्वास त्यांच्याबरोबर चालत. मी बघायचे आणि सांगायचे, "इथे वळण तुटलंय, ताई." "इथे दोनच आहेत." त्या विचारत, "नक्की?" मी दिवा आणखी आडवा करायचे. माझ्या बोलण्यावर त्यांनी एकदाही विश्वास ठेवला नाही. दर वेळी स्वतः बघितलं आणि मगच काढलं. मला ते आवडत असे.

अकरा पानं झाली. बाराव्या पानाला शेपटीपाशी रेघ उडाली आणि शाई उजव्या कडेपर्यंत पसरत गेली. ताईंनी पेन पुसलं, टोपण लावलं. टोपण लावायलाच किती वेळ लागला. "झालं," त्या म्हणाल्या. "आता नाही."

मला वाटलं, आता उरलेली पानं आहेत तशीच जातील. दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर त्या टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात पोलादी पट्टी आणि दाढीच्या पात्यासारखं ब्लेड. पट्टी कागदाच्या बरोबर मधे, ड्रॅगनच्या नाकाच्या धारेवर ठेवलेली. पट्टीच्या उजवीकडचं त्या खरवडत होत्या.

"ताई, हे काय करताय?"

"जे बघितलं नाही ते काढून टाकतेय."

"सगळं?"

"अडतीस पानं. बघ, याला हात थरथरला तरी चालतं. पट्टी घट्ट हवी फक्त. धर जरा."

मी दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. तीन दिवस आम्ही हेच केलं. शाईचा काळा भुगा टेबलावर साठायचा. त्यात शेकडो वेटोळी होती, एकेक मोजून काढलेली. मी विचारलं, "हे टाकू का?" त्या म्हणाल्या, "मग काय भरून ठेवतेस? टाक." त्या तीन दिवसांत त्या रडल्या नाहीत. दुपारी पोळीचा तुकडा मोडायला त्रास व्हायचा म्हणून मी पोळ्या कुस्करून द्यायला लागले.

वॉल्टर पानं न्यायला स्वतः आला. त्याने खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच एकेक पान उलटत गेला. पहिली अकरा पाहिली, मान डोलावली. मग कोरी उजवी बाजू आली. पुढचं पान, तीही कोरी. त्याने सगळा गठ्ठा चाळला. मग हळू आवाजात बराच वेळ बोलला. मला कळलं नाही, पण तो चिडलेला नव्हता, विनवत होता. शेवटी त्याने एका पानाच्या कोऱ्या बाजूवर तळवा ठेवला आणि काहीतरी विचारलं. ताईंनी छोटंसं उत्तर दिलं. त्याने तळवा उचलला आणि पानांचा गठ्ठा बांधायला घेतला.

तो गेल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाला, ही बाजू अशी रिकामी कशी ठेवायची?"

"मग तुम्ही?"

"मी म्हटलं, रिकामी कुठे आहे? भांड्यावर आहे ना. ज्याला हवी त्याने जाऊन बघावी."

महिन्याभराने पत्र आलं. ताईंनी ते मला वाचून दाखवलं, इंग्रजी वाचत, मराठीत सांगत. पुस्तकात मोठे फोटो जातील. ताईंची पानं मागे, बारीक करून. पहिल्या पानावर नाव नसेल, आतल्या आभारांच्या यादीत असेल. त्यांनी पत्राची घडी घातली. घडी नीट बसेना, मी घालून दिली. "चहा टाक," त्या म्हणाल्या. चहा झाल्यावर मीराला फोन केला आणि येते म्हणाल्या.

त्या निघाल्या त्या दिवशी मीरा विमानाने येऊन गाडी भाड्याने घेऊन आली होती. सडपातळ, कामसू, सारखं घड्याळ बघणारी. सामान गाडीत घातलं. ताई म्हणाल्या, "जाताना दहा मिनिटं म्युझियम. यमुनालाही घे. परत ती बसने येईल, तिला रस्ता माहीत आहे."

"आई, इट्स नॉट ऑन द वे!"

"दहा मिनिटं."

मीरा आम्हाला दारात सोडून गाडी लावायला गेली. आज आतली खोली नव्हती. आज बाकीच्या लोकांसारखं काचेच्या कपाटापुढे उभं राहायचं. अडतीसांतलं एक भांडं तिथे मांडलेलं होतं, चार पायांचं. लोक समोर उभे राहत, तो चेहरा बघत आणि पुढे जात. ताई समोर थांबल्या नाहीत. त्या कपाटाच्या उजव्या अंगाला गेल्या, जरा वाकल्या, माझ्याकडे पर्स दिली आणि तिच्यातून एक लहान वही आणि पेन्सिल काढून घेतली.

त्या काढायला लागल्या. रेघ एवढी हलत होती की लहान मुलाने काढल्यासारखी दिसे. ती कुठे छापता येण्यासारखी नव्हती. त्या भांड्याकडे बघत, वहीकडे बघत, खोडत, पुन्हा भांड्याकडे बघत. शिंग कुठे थांबतं ते बघायला त्यांनी गाल जवळजवळ काचेला टेकवला. तिथल्या पहारेकऱ्याने एक पाऊल पुढे टाकलं आणि मग तो होता तिथेच राहिला.

मीरा झपाझप चालत आली. "आई, वी विल मिस द..." एवढं म्हणून तिने ती वही पाहिली. आईचा हात पाहिला. थोड्या वेळाने ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि अगदी हळू, अडखळत, मराठीत तिने मला विचारलं, "अजून किती?"

मी वाकून वहीत पाहिलं.

"शिंग झालं," मी म्हटलं. "आता डोळा चाललाय. तोंड, पाय आणि शेपटी राहिलीय."